ताकद आधी की कसब? फंक्शनल फिटनेसच्या पहिल्या स्पर्धेची तयारी

फंक्शनल फिटनेसच्या, म्हणजे वजन उचलणं, लटकणं, धावणं अशा मिश्र व्यायामांच्या स्पर्धेत नाव नोंदवायचं ठरलं की नवखे लोक साधारण दोन वाटांनी जातात. काही जण बारवर प्लेटा चढवत सुटतात. काही जण मसल-अपचे (रिंगला लटकून अंग रिंगच्या वर उचलायचं) व्हिडिओ बघून रोज रिंगला लटकतात. दोघांचीही मेहनत खरी असते, पण तीन महिन्यांनी निकालाच्या यादीत दोघं शेजारी शेजारी, मधल्याच कुठल्या तरी नंबरवर असतात. ताकद तुम्हाला प्रत्येक वर्कआऊटमध्ये थोडं थोडं वर सरकवते. एखादं कसब अंगात नसेल तर मात्र एकाच वर्कआऊटमध्ये सगळी कमाई जाते. म्हणून तयारीचा क्रम असा हवा: आधी खड्डे बुजवायचे, ताकद बारा महिने सावकाश वाढवत राहायची आणि रोजच्या साध्या हालचाली स्वस्तात, म्हणजे कमी श्वास खर्चून करायला शिकायचं.

या खेळाचा साचा क्रॉसफिट या अमेरिकी व्यायामपद्धतीने घालून दिला. क्रॉसफिट गेम्स पहिल्यांदा २००७ साली कॅलिफोर्नियातल्या अरोमास इथल्या एका रँचवर झाले. २०११ पासून 'ओपन' ही जगभर कुणालाही भाग घेता येईल अशी फेरी सुरू झाली. मुंबई-पुण्यातल्या बॉक्समध्ये (अशा व्यायामाच्या जिममध्ये) होणाऱ्या छोट्या स्पर्धाही बहुधा त्याच धर्तीच्या असतात: तीन-चार वर्कआऊट, आरएक्स (पूर्ण वजन, ठरलेल्या हालचाली) आणि स्केल्ड (हलकं वजन, सोप्या हालचाली) असे गट, आणि शेवटी एकत्रित क्रमवारी.

पायरी १: गुण कसे मोजतात ते आधी बघा

ओपनमध्ये तुमचा प्रत्येक वर्कआऊटमधला क्रमांक म्हणजेच तुमचे गुण. बेरीज जितकी कमी, तितकं तुम्ही वर. आता चाळीस जणांची आणि चार वर्कआऊटची स्पर्धा धरा. एक स्पर्धक दुसरा, तिसरा, चौथा आला आणि डबल-अंडर (एका उडीत दोरी दोनदा पायाखालून काढणं) जमत नसल्यामुळे शेवटच्या वर्कआऊटमध्ये अडतिसावा आला. बेरीज ४७. दुसरा कशातच चमकला नाही: अकरावा, बारावा, दहावा, बारावा. बेरीज ४५. पहिल्या दहातही एकदाच आलेला हा दुसरा गडी पुढे राहिला.

वरच्या पातळीवरही हेच होतं. २०१० च्या गेम्समध्ये रिच फ्रोनिंग जेतेपदाच्या दारात होता. शेवटच्या वर्कआऊटमध्ये दोरी चढायची होती. दोरीला पायाची अढी घालायचं तंत्र त्याला येत नव्हतं, तो नुसत्या हातांवर चढत राहिला, हात संपले आणि तो दुसरा आला. ताकद त्याच्याकडे भरपूर होती. पुढची चार वर्षं, २०११ ते २०१४, तोच जिंकला. मॅट फ्रेझर वेटलिफ्टिंगमधून आलेला, टिया-क्लेअर टूमीही बारबेलवर तयार. टूमी तर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाकडून ५८ किलो गटात उतरली होती. तरी दोघांनाही आधी लागोपाठ दोन वर्षं दुसऱ्या क्रमांकावर थांबावं लागलं, फ्रेझरला २०१४ आणि २०१५ मध्ये, टूमीला २०१५ आणि २०१६ मध्ये. बारबेलवर हुकमत असूनही जेतेपद आपोआप आलं नाही.

काही स्पर्धांत पहिल्याला १०० गुण आणि मग उतरते गुण अशी पद्धत असते. तिथे अव्वल येण्याला थोडा जास्त भाव मिळतो, पण खड्डा तिथेही महागच पडतो. नाव नोंदवताना आयोजकांना दोन गोष्टी विचारा: गुणांची पद्धत कोणती, आणि तुमच्या गटात कोणत्या हालचाली येऊ शकतात. बरेच आयोजक हालचालींची यादी आधी देतात.

पायरी २: आठवडाभरात स्वतःचं मोजमाप घ्या

एका दिवसात सगळं मोजू नका, आकडे खोटे येतात. चार दिवसांत विभागा:

- दिवस १: बॅक स्क्वॉट (मानेमागे बार घेऊन बैठक) आणि स्ट्रिक्ट प्रेस (पाय न वाकवता बार खांद्यावरून डोक्यावर), एका रेपचं, म्हणजे एका आवर्तनाचं कमाल वजन. वर्षभरही बारबेल उचललेली नसेल तर तीन रेपचं कमाल घ्या, तेवढं पुरे.
- दिवस २: झोका न घेता, हात पूर्ण सरळ करून किती पुल-अप होतात, एका दमात किती डबल-अंडर, एका दमात किती वॉल बॉल (बैठकीतून उठत भिंतीवरच्या लक्ष्यावर चेंडू फेकणं).
- दिवस ३: क्लीन अँड जर्क (बार आधी खांद्यावर, मग डोक्यावर), स्नॅच (बार एका झटक्यात डोक्यावर) आणि शेवटी डेडलिफ्ट (बार जमिनीवरून उचलून सरळ उभं राहणं). डेडलिफ्ट आधी केली तर बाकीचे दोन्ही आकडे पडतात.
- दिवस ४: रोअरवर (वल्हवल्यासारखं ओढायच्या मशीनवर) २००० मीटर किंवा ५ किलोमीटर धाव.

प्रत्येक आकड्यासमोर तो का थांबला तेही लिहा. स्नॅचमध्ये बार डोक्यावर पोचलाच नाही, की पोचून मागे पडला? पहिल्यात ताकद किंवा ओढण्याचा वेग कमी आहे, दुसऱ्यात तंत्र किंवा खांद्याची हालचाल. दोन्हींवरचा इलाज वेगळा आहे, आणि नुसता आकडा बघून ते कळत नाही.

पायरी ३: टक्केवारीचं गणित मांडा

या खेळातली ताकद समजून घ्यायची तर हे एक गणित पुरतं. वर्कआऊटमधलं वजन तुमच्या कमाल वजनाच्या किती टक्के आहे?

'ग्रेस' हा जुना प्रसिद्ध वर्कआऊट घ्या: ३० क्लीन अँड जर्क, पुरुषांना ६१ किलो, महिलांना ४३ किलो, शक्य तितक्या लवकर. तुमचं कमाल ७० किलो असेल तर ६१ म्हणजे ८७ टक्के. प्रत्येक रेप एकेकटा, मध्ये बारा-पंधरा सेकंद उभं राहणं, शिवाय दोन-चार रेप फसणार. सहा-सात मिनिटं सहज जातात. कमाल ८५ असेल तर तेच वजन ७२ टक्के. एकेकच रेप, पण दर पाच-सात सेकंदांनी. कमाल ११० असेल तर ५५ टक्के, मग पाच-पाचचे सेट लागतात आणि प्रश्न ताकदीचा न राहता दमाचा होतो.

याच्या पुढचा भाग नवख्यांच्या ध्यानात येत नाही. ७० वरून ८५ वर गेलात तर मिनिटं वाचली. ११० वरून १३० वर गेलात तर टक्केवारी ५५ वरून ४७ वर येते आणि सेकंद वाचतात. हे वीस किलो मिळवायला वेळ मात्र दुप्पट-तिप्पट लागतो. ताकदीची किंमत अशी वाढत जाते आणि परतावा घटत जातो.

ढोबळ पट्टे असे धरा. ४० टक्क्यांच्या खाली वजन आड येत नाही, श्वास आड येतो. ४० ते ६० मध्ये मोठे सेट जमतात. ६० ते ७५ मध्ये छोटे सेट किंवा झटपट एकेक. ८० च्या वर प्रत्येक रेप म्हणजे वेगळी मोहीम. ९० च्या वर तो वर्कआऊट तुमच्यासाठी नाही; स्केल्ड निवडा, त्यात कमीपणा काही नाही.

आणखी एक गोष्ट. या स्पर्धांत वेटलिफ्टिंगसारखे वजनगट बहुधा नसतात. ६० किलोच्या आणि ९० किलोच्या मुलाला बार सारखाच. म्हणून अंगाने लहान असलेल्याला बारबेलची एकूण ताकद कमी पडते आणि अंगाने मोठ्या माणसाला पुल-अप, मसल-अप, दोरी महाग जाते. आपण कोणत्या बाजूचे आहोत ते ओळखून तयारीचा तोल ठरवा. बारीक मुलं अनेकदा पुल-अप वाढवत बसतात, कारण ते त्यांना आवडतं; त्यांना खरं तर स्क्वॉटच्या रॅकपाशी जायला हवं.

पायरी ४: ताकदीचा उंबरठा गाठा

स्थानिक स्पर्धेत आरएक्स गटात धड उभं राहायला किती लागतं? आमचं ढोबळ माप असं. साधारण ७० किलोच्या पुरुषासाठी बॅक स्क्वॉट ११० ते १२०, डेडलिफ्ट १४०, स्ट्रिक्ट प्रेस ५० ते ५५, क्लीन अँड जर्क ८५, स्नॅच ६५. साधारण ५८ किलोच्या महिलेसाठी अनुक्रमे ७५, ९५, ३२, ५८ आणि ४२. झोका न घेता पुल-अप पुरुषांना दहा, महिलांना पाच. स्केल्ड गटाला यातल्या वजनांच्या साठ टक्क्यांवर चालून जातं. हे मापच आहे, नियम नव्हे, पण एखादा आकडा याच्या खूप खाली असेल तर खड्डा कुठे आहे ते कळतं.

उंबरठ्याखाली असलेल्याने साधीच पद्धत वापरावी. आठवड्यात तीन दिवस, स्क्वॉट आणि प्रेसचे पाच रेपचे तीन सेट. दर वेळी स्क्वॉटला अडीच किलो वाढवा, प्रेसला एक ते सव्वा. प्रेस सगळ्यात आधी अडते, म्हणून अर्ध्या किलोच्या छोट्या प्लेटा जवळ ठेवा. बहुतेक जिममध्ये त्या नसतात आणि अडीच किलोची उडी प्रेसला झेपत नाही. डेडलिफ्ट आठवड्यातून एकदाच जड, पाचचा एक सेट. तीन वेळा त्याच वजनाशी अडलात तर दहा टक्के उतरा आणि परत चढा.

इथे दोन चुका सर्रास होतात. पहिली, वर्कआऊट आधी आणि ताकदीचे सेट नंतर. दमलेल्या पायांनी केलेल्या स्क्वॉटने दम वाढतो, ताकद नाही. दुसरी, सेटमधली विश्रांती कमी करणं. घाम आला नाही तर व्यायाम झाला नाही असं वाटतं, म्हणून लोक मिनिटभरात पुन्हा बारखाली जातात. जड सेटनंतर दोन-तीन मिनिटं थांबा. कंटाळा येतो, येऊ द्या.

आखाड्यात जोर-बैठका काढलेल्यांचा पाया चांगला असतो, विशेषतः खांदे आणि गुडघे. पण स्पर्धेचं माप वेगळं आहे. जोरात छाती वक्राकार खाली जाऊन वर येते. पुश-अपमध्ये अंग एका रेषेत, छाती जमिनीला टेकलेली आणि कोपर वर पूर्ण सरळ लागतं. शंभर जोर काढणाऱ्याचे पहिल्या वर्कआऊटमध्ये वीसातले आठ रेप पंचाने नाकारले तर आश्चर्य नको.

पायरी ५: कसबाचे दोन प्रकार वेगळे करा

पहिला प्रकार दरवाजासारखा. डबल-अंडर, दोरी चढणं, मसल-अप, हातांवर चालणं. येतं किंवा येत नाही. येत नसेल तर घड्याळ चालू राहतं आणि तुम्ही उभे राहता. दुसरा प्रकार काटकसरीचा. वॉल बॉल, बर्पी (जमिनीवर पालथं होऊन उठून उडी), रोइंग, हलक्या वजनाचा क्लीन हे सगळ्यांनाच येतं, पण एका रेपमागे कुणाचा किती श्वास जातो यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. नवखे पहिल्या प्रकाराच्या मागे असतात कारण ते दिसायला भारी असतं. आमच्या मते पहिल्या स्पर्धेपुरतं दरवाजांपैकी फक्त डबल-अंडर आणि दोरी धरावी, आणि उरलेला वेळ काटकसरीला द्यावा. मसल-अप पहिल्या वर्षी राहू द्या.

*डबल-अंडर.* दोरीच्या मधोमध एक पाय ठेवून उभे राहा. मुठींची टोकं काखेपर्यंत आली पाहिजेत. सराईत लोक आणखी आखूड वापरतात, तुम्ही नको. शिकताना केसासारखी बारीक तार घेऊ नका. तीन-चार मिलिमीटर जाडीची, प्लॅस्टिकचं आवरण असलेली दोरी घ्या, कारण तिचा भार हाताला कळतो. आधी साध्या उड्या शंभर, न अडखळता, सैल खांद्यांनी. मग एक साधी, एक साधी, एक दुहेरी. रोज आठ-दहा मिनिटं, अंग ताजं असताना. साधारण तीन ते सहा आठवड्यांत सलग वीस-तीस होतात.

काय बिघडतं? दमलात की हात अंगापासून लांब जातात. हात लांब गेले की दोरी प्रत्यक्षात आखूड होते आणि बोटांना अडकते. तुम्हाला वाटतं उडी कमी पडली, म्हणून तुम्ही गुडघे पोटाशी घेता, ताल जातो आणि पुढचीही अडकते. इलाज उडीत नाही, हातात आहे: मनगटं कमरेच्या हाडाजवळ, किंचित पुढे, नजर खाली तिरकी केली तर दिसतील इतकीच.

*दोरी.* स्पर्धेत साधारण साडेचार मीटर, म्हणजे १५ फूट चढायचं असतं. हातांनी ओढत चढणारा दोन-तीन चढायांत संपतो. शिकायची जागा जमिनीजवळ आहे. दोरीसमोर एका खोक्यावर बसा, दोरी उजव्या पायाच्या बाहेरून घ्या, ती त्याच पावलाखालून जाऊ द्या आणि डाव्या पावलाने उचलून उजव्या बुटावर दाबून धरा. आता हातांवर न ओढता पायांवर उभे राहा. असं दहा वेळा, न बघता जमेपर्यंत. चढताना गुडघे जितके छातीकडे आणाल तितकी एका घासात जास्त उंची मिळते. तीन-चार घासांत वर पोचायला हवं. खाली येताना दोरी हातातून घसरू देऊ नका, तळवे सोलतात. पायांना गुडघ्यापर्यंत मोजे घाला.

दोरीचा मल्लखांब केलेल्या मुलामुलींना उंचीची भीती नसते आणि पकड जबरदस्त असते. दादरच्या शिवाजी पार्कातल्या समर्थ व्यायाम मंदिरासारख्या ठिकाणी तयार झालेल्यांना हातांबद्दल काही शिकवायला लागत नाही. अडचण पायांत येते. मल्लखांबात अनवाणी पायाच्या अंगठ्याच्या बेचक्यात दोरी धरायची सवय असते. इथे बूट असतात आणि ते बेचकं बंद. त्यांनाही वरची अढी नव्याने बसवावी लागते, फक्त ती त्यांना एका दिवसात बसते.

*किपिंग पुल-अप.* म्हणजे झोका घेऊन काढलेले पुल-अप. झोका न घेता पाच पुल-अप निघत नाहीत तोवर किपिंगला हात लावू नका. झोक्याच्या तळाशी खांद्याला जो हिसका बसतो तो सोसायची ताकद तिथूनच येते. मग आधी नुसता झोका: छाती पुढे, पाय मागे, मग पोट आत, पाय पुढे. आठ-आठचे तीन सेट, हनुवटी वर नेण्याचा प्रयत्न न करता. झोका खांद्यातून निघाला पाहिजे. पाय आधी झटकले तर अंग दोन तुकड्यांत हलतं आणि पुढच्या रेपला ताल राहत नाही. वरून खाली येताना सरळ पडू नका, बारला किंचित मागे ढकला.

*वॉल बॉल.* पुरुषांना बहुधा ९ किलोचा चेंडू, १० फुटांवरचं लक्ष्य; महिलांना ६ किलो आणि ९ फूट. भिंतीपासून साधारण हातभर अंतरावर उभे राहा. चेंडू चेहऱ्याच्या उंचीवर झेला आणि त्याच झोकात खाली बसा. बरेच जण उभ्यानेच झेलतात, थांबतात, मग बसतात, म्हणजे एका रेपच्या दोन हालचाली होतात. चेंडू हवेत असताना हात खाली सोडा. तेवढ्यानेही खांदे बरेच टिकतात. पाय दमले म्हणून फेक बुटकी होते, आणि बुटकी फेक नाकारली जाते.

*रोइंग.* मशीनचा विरोध ठरवणारा बाजूचा खटका दहावर लावणं ही नवख्याची खूण. चार-पाचवर ठेवा. आधी पाय, मग पाठ, शेवटी हात. परत जाताना उलट क्रम. मिनिटाला २४ ते २८ ओढी. चाळीस ओढी मारणारा दमतो जास्त आणि मीटर कमी काढतो.

*हलका बारबेल.* टक्केवारी ६० च्या आत असेल तर जमिनीला टेकवून लगेच उचला, बार अंगाला चिकटून हवा, अंगठा बोटांखाली दाबलेला. टक्केवारी त्याच्या वर गेली की बार सोडा, श्वास घ्या, पुन्हा धरा. जड बार खाली सोडवत नेण्यातच पकड संपते. सरावाला ६१ आणि ४३ चा हट्ट नको. वीस किलोच्या बारवर ६० आणि ४२.५ सहज लागतात, तेवढ्यावर सराव करा.

पायरी ६: थकव्यात कसब टिकतं का ते बघा

ताजेपणी सलग बारा पुल-अप येतात म्हणजे वर्कआऊटमध्ये बारा येतात असं नाही. नियम सोपा ठेवा: एका दमातल्या कमालीच्या चाळीस ते पन्नास टक्क्यांवर सेट तोडा. बारा येत असतील तर पाच-पाच. फसलेला रेप महाग असतो. ठरवून बार सोडलात तर पाच सेकंदांत परत लटकता. फसून पडलात तर वीस-पंचवीस सेकंद हात वर जात नाहीत, आणि तो रेप मोजलाही जात नाही.

'फ्रान' घ्या: थ्रस्टर (बैठकीतून उठत बार थेट डोक्यावर) आणि पुल-अप, २१-१५-९, पुरुषांना ४३ किलो. सराईत लोक न थांबता करतात. पहिल्या खेपेला २१ चे ८-७-६ करा, १५ चे ६-५-४, ९ चे ५-४. पहिले आठ झाल्यावर बार सोडायला जिवावर येतं, कारण अजून पाच निघतील असं वाटत असतं. सोडाच. ते पाच पुढच्या पुल-अपमधून दामदुपटीने वसूल होतात.

थकव्यातला सराव आठवड्यातून दोनदा, दहा-बारा मिनिटं: दर मिनिटाच्या सुरुवातीला, एका मिनिटाला ८ बर्पी, पुढच्या मिनिटाला २० डबल-अंडर, आलटून पालटून. दोरी अडकायला लागली तर बर्पी कमी करा, डबल-अंडर नाही. इथे कसबाचा सराव चाललाय, दमाचा नाही.

पायरी ७: बारा आठवड्यांचा आराखडा

सोमवारी स्क्वॉट, प्रेस आणि दहा मिनिटांचा छोटा वर्कआऊट. मंगळवारी कसब वीस मिनिटं आणि मग आरामात ३० मिनिटं रोइंग किंवा धाव, बोलता येईल इतक्या वेगाने. बुधवारी क्लीन किंवा स्नॅचचं तंत्र कमालीच्या ६५ ते ७५ टक्क्यांवर, दोन-दोन रेप, आणि हलका स्क्वॉट. गुरुवारी सुट्टी. शुक्रवारी स्क्वॉट, प्रेस, डेडलिफ्ट. शनिवारी स्पर्धेसारखा लांब वर्कआऊट, कुणाला तरी पंच म्हणून उभं करून. रविवारी सुट्टी. दोरी-उड्या मात्र सुट्टी सोडून रोज.

पहिले सहा आठवडे ताकद वाढत राहू द्या. सातव्यापासून दहाव्यापर्यंत ताकदीचे दिवस दोनच ठेवा, पाचऐवजी तीन रेप, साधारण ८० ते ८५ टक्के, आणि शनिवारसारखा दिवस आठवड्यात दोनदा. अकराव्यात सगळ्याच सेटची संख्या निम्मी करा, वजन नको. बाराव्यात स्पर्धेच्या तीन दिवस आधीपासून जड काही नाही. शेवटच्या आठवड्यात नवं कसब शिकायला जाणारे हमखास तळवे फाडून घेतात.

पायरी ८: रेप नाकारला जातो तो का

स्क्वॉट, थ्रस्टर, वॉल बॉलमध्ये मांडीची घडी गुडघ्याच्या खाली गेली पाहिजे. पुल-अपमध्ये खाली हात सरळ, वर हनुवटी बारच्या वर. डेडलिफ्टमध्ये गुडघे आणि कंबर पूर्ण सरळ. जर्कमध्ये बार डोक्यावर थांबलेला, पाय एका रेषेत. बहुतेक नकार खोलीवरून आणि शेवटच्या सरळ होण्यावरून येतात, म्हणजे लोक घाई करतात तिथे. पंचाशी वाद घालण्यात गेलेले सेकंद परत येत नाहीत. वर्कआऊट सुरू होण्याआधी पंचाला एक रेप करून दाखवा आणि चालेल का विचारा.

वेगळा पर्याय: हायरॉक्स

ज्यांना दोरी, बार, हातांवर उभं राहणं नकोच, त्यांच्यासाठी हायरॉक्स आहे. जर्मनीत २०१७ मध्ये सुरू झालेली ही स्पर्धा २०२५ मध्ये मुंबईतही झाली. आठ वेळा एक-एक किलोमीटर धाव आणि प्रत्येक धावेनंतर एक काम: स्की मशीन १००० मीटर, स्लेड ढकलणं ५० मीटर, ओढणं ५० मीटर, बर्पी लांब उड्या ८० मीटर, रोइंग १००० मीटर, दोन्ही हातांत केटलबेल घेऊन २०० मीटर चालणं, खांद्यावर वाळूची पिशवी घेऊन १०० मीटर लंज (दर पावलाला गुडघा टेकवत चालणं), आणि शेवटी वॉल बॉल. पुरुषांच्या ओपन गटात ढकलायची स्लेड १५२ किलोची, महिलांच्या १०२ किलोची, स्लेडचं स्वतःचं वजन धरून. इथे दरवाजासारखं कसब एकही नाही. स्लेड सरकण्याइतकी ताकद हवी. त्यापुढचा बहुतेक निकाल धाव ठरवते. धावणाऱ्या पण बारला न लटकणाऱ्या माणसाने पहिली स्पर्धा हीच घ्यावी.

काय सोसू नये

महिनोन्महिने सुट्टीनंतर पहिल्याच आठवड्यात शंभर पुल-अप किंवा मशीनवरचे भरमसाट सिट-अप करू नका. खाली येतानाच्या ताणाने स्नायूंची नासधूस होऊन त्यातले घटक रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडांवर येतं. दंड किंवा पोट खूप सुजणं, हात सरळ न होणं, लघवीचा रंग गडद तपकिरी होणं, यातलं काहीही दिसलं तर 'उद्या बघू' न म्हणता त्याच दिवशी रुग्णालयात जा. नवखे ताकदवान लोक यात जास्त सापडतात. स्नायूंना झेपेल त्याहून जास्त काम ओढण्याइतका जोर त्यांच्यात असतो, पण इतक्या रेपची अंगाला सवय नसते.

खांदा पुढून दुखत असेल तर किपिंग बंद, झोक्याशिवायचे पुल-अप दुखत नसतील तर तेवढे चालू. तळव्यावरचे घट्टे आठवड्यातून एकदा अंघोळीनंतर घासून सपाट करा. उंचवटा राहिला की तोच फाटतो.

स्पर्धेचा दिवस

मुंबई आणि किनारपट्टीवर हवा दमट, त्यामुळे हात कोरडे ठेवणं हेच अर्धं काम. चॉक (हात कोरडे ठेवणारी पावडर) स्वतःचं न्या, दोन कोरडे पंचे न्या, एक हातांसाठी आणि एक मांड्यांसाठी. घाम मांडीवरून गुडघ्यावर येतो आणि क्लीनमध्ये बार घसरतो. दोन-अडीच तास आधी ओळखीचं खाणं, पोहे किंवा केळं-पाव. वर्कआऊटच्या मध्ये मीठ-साखरेचं पाणी. पहिल्या वर्कआऊटआधी वीस मिनिटं वॉर्म-अप, आणि त्यात एकदा दम लागेपर्यंत हलवा, नाहीतर पहिली दोन मिनिटं छाती भरून येते.

प्रत्येक वर्कआऊट संपला की तिथल्या तिथे फोनमध्ये तीन गोष्टी लिहा: कितव्या रेपला पहिल्यांदा थांबलात, थांबायचं कारण श्वास होता की पकड, पाय की फसलेलं तंत्र, आणि किती रेप नाकारले गेले. दुसऱ्या दिवशी आठवून लिहिलेलं निम्मं चुकीचं असतं. चारपैकी तीन वर्कआऊटमध्ये कारण 'श्वास' असेल तर पुढचे बारा आठवडे मंगळवार लांबवा. 'बार जड झाला' असं दोनदा आलं तर सोमवार-शुक्रवारला हात लावू नका, स्क्वॉट आणि प्रेस पहिल्या सहा आठवड्यांच्या चालीनेच आणखी आठ आठवडे चालवा. आणि कारण एकाच वर्कआऊटमध्ये 'तंत्र' असेल, पण त्याच वर्कआऊटमध्ये तुमचा नंबर सगळ्यात खाली गेला असेल, तर सोमवारपासून त्या एका हालचालीला रोज दहा मिनिटं द्या.